आईने बुजवलेला खड्डा

राईस मिलजवळच्या वळणावर खड्ड्यात उसळून माझ्या मोठ्या भावाची कार सागाच्या झाडावर आदळली. तो जागीच गेला. तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून घरी आलो, तर आई घमेलं घेऊन निघालेली. "दुसऱ्या कोनाचा लेक तिथी मराले नको," म्हणाली. रस्त्याकडेचा मुरूम मी भरून दिला, तिने पाणी शिंपडून अनवाणी पायांनी तुडवला. आधी खड्ड्याचा फोटो काढून ठेवावा, एवढीही अक्कल मला नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी नगरपरिषदेत अर्ज दिला: या मरणाला तुम्ही जबाबदार आहात, भरपाई द्या. इंजिनिअर त्याच दुपारी पाहणीला हजर. इतकी वर्षं त्याला सवड नव्हती! आई तेव्हाही तिथे दबलेल्या जागी मुरूम टाकत होती.

"भाऊ, खड्डा इथीच होता. मीच बुजवला," तिने हात जोडून सांगितलं.

"बाई, मले जे दिसते तेच मी लिहीन ना."

त्याचा अहवाल माझ्याकडे आहे. 'रस्ता सुस्थितीत आहे.' पुराव्याला फोटो जोडलाय. त्यात मुरमावर आईच्या पावलांचे ठसे स्पष्ट दिसतात.