एकाच रंगाच्या रिंगा

बँकेतून निवृत्त झाल्यावर अप्पांनी कुंभकोणमच्या घराच्या मागच्या पडवीत गूल्डियन फिंच पाळायला घेतले. चिमणीहून लहान पाखरू. पाठ हिरवी, छाती जांभळी, पोट पिवळं. अप्पांना निळ्या पाठीची पाखरं हवी होती. निळा रंग हिरव्या पाखरात लपून राहतो आणि आई-बाप दोघांकडून आला तरच पिसांवर उतरतो. म्हणून घाईतले लोक भावंडांचीच जोडी लावतात.

अप्पांनी ते कधी केलं नाही. पिल्लं घरट्याबाहेर आली की माझी धाकटी बहीण त्यांच्या पायांत प्लास्टिकच्या रिंगा घालायची. एका जोडीच्या सगळ्या पिल्लांना एकच रंग. एकाच रंगाची दोन पाखरं जोडीला सोडायची नाहीत. मादी सोडताना तिच्या आईच्या रिंगेचा रंगही बघायचा, म्हणजे ती आईच्या भावाला लागणार नाही.

पापनाशमहून पाखरांचा एक व्यापारी यायचा. पडवीत हिरवंच जास्त दिसतं, हे त्याला खटकायचं.

"सार, भावाबहिणीला एकत्र सोडा," तो तमिळमध्ये म्हणाला. "बघता बघता सगळी पडवी निळी."

"निळी होईल," अप्पा म्हणाले. "पुढे अंड्यांत जीव धरणार नाही. धरलाच तर पिल्लू धड उभं राहणार नाही. रंग तुम्ही विकून मोकळे. पाखरू कोणी सांभाळायचं?"

त्यांनी त्याला कॉफी दिली आणि दारापर्यंत पोचवलं.

त्याच सुमारास बहिणीचं लग्न ठरत होतं. मराठा राजांच्या काळात या मुलखात आलेल्या कुटुंबांपैकी आमचं एक. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. आमच्यातली घरं थोडी, मुलगे त्याहून थोडे. पुण्याचं एक स्थळ फोनवर आलं. मुलाची आई बहिणीला म्हणाली, "परत बोल गं, किती जुनं आणि गोड बोलता तुम्ही." पलीकडे कोणीतरी हसलं. अप्पांनी तो विषय तिथेच बंद केला.

मग आईच्या धाकट्या भावाचं नाव पुढे आलं. तो तंजावरला कॉलेजात शिकवायचा; सभ्य माणूस. भाचीवर मामाचा पहिला हक्क, ही इकडची रीत. आमच्याकडेही ती इतकी मुरलेली की कोणाला समजवावं लागलं नाही.

मी चेन्नईहून, वर्तमानपत्राच्या डेस्कवरून, रजेवर आले होते. संध्याकाळी अप्पा पाखरांना राळे वाढत होते. बहीण पिंजऱ्याशी उभी होती.

"अप्पा, मादीच्या आईची रिंग बघितलीत कां?"

"कुठली जोडी गे?"

"माझी."

अप्पांनी वाटी भरली, वर आलेली फोलं फुंकली. "पाखरांस घराणं नसतं. तू परक्यांत गेलीस तर तुझी पोरं कुठली भाषा बोलतील?"

"आणि घरात राहिले तर?"

"तर आपली बोलतील. याहून अधिक कशास हवं?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मामाच आहे गे तो, वाघ नव्हे."

"वाघ असता तर मांडवातून पळाले तरी लोकांनी शाबास म्हटलं असतं."

आई हसली. अप्पाही हसले. मुलीने विनोद केला म्हणजे ती तयार आहे, असं आमच्या घरी धरलं जातं.

लग्न झालं. ज्याला ती लहानपणापासून मामा म्हणत होती, त्याला आता तशी हाक मारता येईना, आणि 'अहो' तोंडात बसेना. ती नुसतं "ऐकलं कां" म्हणायची. अजून तेच म्हणते.

त्यांना मुलगी झाली. ती चालू लागली तरी मागून मारलेल्या हाकेला वळेना. बहीण तिला कुंभकोणमला घेऊन आली. दवाखान्यात अप्पा आणि मी बरोबर होतो. कान बघण्याआधी डॉक्टरीणबाईंनी बहिणीला विचारलं, "सोंदमा?" नात्यातलंच लग्न का, एवढाच त्याचा अर्थ. इकडे हा प्रश्न पत्ता विचारावा तसा विचारतात.

उत्तर अप्पांनी दिलं. "तिचा मामाच."

तपासण्या झाल्या. मुलीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की एका मुलाच्या बाबतीत कारण खात्रीने सांगता येत नाही; नात्यातल्या लग्नांत धोका वाढतो, इतकंच म्हणता येईल. अप्पांनी त्यातलं पहिलं वाक्य आईला येऊन सांगितलं. दुसरं बहिणीने सांगितलं.

संध्याकाळी अप्पा पडवीत गेले. बहीण मुलीला कडेवर घेऊन मागे उभी राहिली. जोडीच्या पिंजऱ्यात एक निळं आणि एक हिरवं पाखरू अंगाला अंग लावून बसलं होतं. दोघांच्या पायांत पिवळ्या रिंगा. सकाळी पिंजरे साफ करताना आईच्या हातून ती एकत्र सोडली गेली होती. अप्पांनी दार उघडून हात घातला, हिरवं मुठीत धरलं आणि दुसऱ्या पिंजऱ्यात सोडलं.

मुलीने उरलेल्या पाखराकडे बोट केलं.

"निळं, बाळ," अप्पा म्हणाले. "निळं पाखरू." ती पाखराकडेच बघत होती. त्यांनी ते पुन्हा, मोठ्याने म्हटलं.

"किती पटकन हात घातलात, अप्पा," बहीण म्हणाली.

अप्पांनी कडी लावली. ती लागली की नाही, हे ते बराच वेळ बघत राहिले.