दिवस मावळला की ठप्प

वृषभचं डोकं सणकलं होतं. जयसिंगपुरात बियाण्यांचं दुकान, आणि जीव सगळा कळंब्यात, आईपाशी. आईला अख्खी गल्ली आक्का म्हणते, म्हणून तोही आक्काच म्हणतो. मागं ही आक्का रात्री न्हाणीत घसरून पडली ती सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच. "चल माझ्याकडं," म्हटलं तर म्हणते, "आणि हितल्या बस्तीतलं देवाचं दर्शन? मला न्हाय जमायचं." घ्या! आता हिच्यापुढं काय डोकं आपटायचं?

मग त्यानं आक्काच्या घरात कॅमेरा बसवला. घरात बसून मोबाईलवर आक्का झकास दिसायची. उंबऱ्याबाहेर पडलं की काही नाही. इंटरनेटवाल्यांना फोन लावला तर बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या घराला इंटरनेटवर स्वतंत्र पत्ता नाही. अख्ख्या भागाला मिळून एकच आहे."

"अवो बाई, मग मी माझ्या घरात शिरायचं कुठनं?"

बाईनं आणखी काही मदत हवी का, असं विचारलं.

वृषभ हट्टाला पेटला. बाहेरून घरात जाता येत नाही ना, मग घरानंच बाहेर यायचं! बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्यानं घ्यायचा, घरातल्या यंत्रानं सतत त्याला जोडून राहायचं, आणि आपण मोबाईलवरून त्याच वाटेनं घरात शिरायचं. ऐकायला सोपं. करताना घाम फुटला. गिऱ्हाईक सोयाबीनचं बियाणं मागत ताटकळायचं आणि हा पासवर्डशी झुंजत बसायचा. शेवटी एका दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या त्याला आक्का तांदूळ निवडताना दिसली. गडी चक्क रडला.

आणि संध्याकाळी सगळं ठप्प! सकाळी चालू, दिवस मावळला की पुन्हा ठप्प. आक्का जपाला बसली की फोन उचलत नाही. त्यानं सर्व्हर बदलला, सगळी जोडणी नव्यानं केली, कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी एका संध्याकाळी दुकान बायकोवर टाकून त्यानं गाडीला किक मारली आणि तडक कळंबा गाठलं.

आक्का अंधारात जप करत बसली होती. भिंतीवरचं कॅमेऱ्याचं बटण बंद. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"आक्का, ह्ये कुणी बंद केलं?"

"म्याच. रोज करतो की. अंधार पडला की तुझा कॅमेरा दिवा लावतोय. त्याच्यावर चिलटं येऊन मरत्यात, सकाळी खाली सडा! आपल्या घरात चालंल व्हय?"

जीवजंतू मरू नयेत म्हणून या जैनाच्या घरात दिवस मावळल्यावर चूलसुद्धा पेटत नाही, हे वृषभला जन्मापासून ठाऊक. पण कॅमेरा घेताना रात्री लख्ख दिसतंय म्हणून दिव्याचाच पसंत केला होता. तरी तो भडकलाच. "आणि तू पडलीस म्हणजे?"

"मी हाक मारीन. चिलटांनी कुणाला मारायची?"

"गेल्या वेळी मारलीस की! कोण आलं?"

आक्काची माळ थांबली. "तुलाच मारत हुतो रे," ती म्हणाली.

वृषभ भिंतीपाशी गेला. त्यानं बटण दाबलं आणि मोबाईलवरून कॅमेऱ्याचा दिवा कायमचा बंद केला. कॅमेऱ्याला अंधारातलंही दिसायचं, त्यामुळं दिव्यावाचूनही आक्का दिसत होती, जराशी करडी, पण स्पष्ट.

"दिसतीस बघ," तो म्हणाला.

आक्कानं कॅमेऱ्याकडं बघितलं. "ऐकू बी येतंय न्हवं त्यातनं?"