फळ्यावरची एक ओळ

बायको गेली तेव्हा मी वालीवला कारखान्यात लेथवर होतो. भर दुपारी तिच्या छातीत कळ आली. आमच्या सोसायटीचं मागचं गेट, दवाखान्याच्या वाटेचं, कमिटीनं कुलूप घालून ठेवलेलं. बाहेरच्या गाड्या घुसतात म्हणून. रिक्षा तिथंच येऊन थांबली. सेक्रेटरी घरी चावी शोधत होता, तोवर ती पायरीवर बसून होती, असं वॉचमननं सांगितलं. मग सेक्रेटरीच तिला रिक्षातून घेऊन गेला. दवाखाना यायच्या आधी ती गेली.

सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली. नाव, वय, दुःखद निधन, अंत्यविधीची वेळ. कशानं गेलं ते फळ्यावर कोणी लिहीत नाही. मी चौथी शिकलेला. तिसऱ्या दिवशी खडू घेतला आणि खाली लिहिलं, मागच्या गेटला कुलूप होतं म्हणून ही मेली.

संध्याकाळी तेवढीच ओळ पुसलेली. सेक्रेटरीला जिन्यात गाठलं.

"काका, फळा सोसायटीचा आहे. कमिटीला विचारल्याशिवाय नाही लिहायचं."

"तीसुद्धा न विचारताच मेली. दंड लावा."



मग कागदावर लिहून दाराला बाहेरून चिकटवलं. वॉचमन काढायला आला. "अंकल, दरवाजा आपका, पॅसेज सोसायटी का."

मुलगी म्हणाली, "बाबा, मी इंटरनेटवर टाकते. तिथं कोण पुसणार?" सोसायटीचा तिकडे एक गट होता, सेक्रेटरीनंच काढलेला. तिनं सायबर कॅफेत बसून सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मजकूर नाही, आणि मुलीलाही गटातून काढलेलं.

"त्याचा गट आहे, बाबा."

तेराव्याला रीतीप्रमाणे सगळ्या मजल्यांना जेवायला सांगितलं होतं. सेक्रेटरीही आला. पानं वाढून झाली आणि मी बोलायला लागलो. कुलूप, फळा, कागद, इंटरनेट, सगळं. कोणी घास उचलेना. माझ्या घरात मला कोण थांबवणार?

सेक्रेटरी म्हणाला, "काका, मला थोडं सांगायचंय. रिक्षात काकू..."

"गप बसायचं. हे माझं घर आहे."

 तो भरल्या पानावरून उठला, हात धुतले, गेला.

त्याच आठवड्यात त्यानं गेटचं कुलूप काढलं. मला कळायला मात्र महिना लागला, की तिच्याजवळ शेवटी तोच एकटा होता. मी वर त्याच्याकडे गेलो. काय सांगत होतात, म्हणून विचारलं.

"राहू द्या, काका. आता नको."

माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी सांगितलं असतं त्यानं. पुढे तो फ्लॅट विकून गेला.

मी आपला अंदाज करत बसतो. रिक्षात तिनं पाणी मागितलं असेल. नाहीतर गॅस बंद केला का, असं विचारलं असेल. ती तशीच होती.