मनुक्यांचा वास

लीलामावशी कुठलीही वस्तू आधी नाकाला लावायच्या, मग डोळ्यांना. भाजीवाल्याची कोथिंबीर, शिंप्याकडून आलेलं ब्लाऊज, टपालातली लग्नपत्रिका, सगळ्याची पहिली तपासणी नाकाने. आम्ही त्यांच्या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी मी पाण्याची वेळ विचारायला वर गेले, तर दारातच त्या म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना? रिकाम्या पोटाचा वास येतोय. आत ये." मला रागच आला. पण खरंच काही खाल्लं नव्हतं, आणि आतून लवंग-जायफळाचा असा वास येत होता की राग दारातच राहिला.

डिसेंबर होता. पेपरात रोज निफाडचा पारा छापून येत होता आणि सकाळी नळाचं पाणी हाताला चावत होतं. ओट्यावर काचेच्या मोठ्या बरणीत नाताळच्या केकसाठी काळे मनुके कोऱ्या चहात भिजत पडले होते. मावशी निवृत्त नर्स, सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात झालेली. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराची दोन्ही मुलं त्यांच्या हातावर जन्मली होती. तो दर हिवाळ्यात मनुके पाठवायचा.

"तिकडे एवढ्या वाइनरी, आणि तुम्ही चहात भिजवता?" मी विचारलं.

"माझे वडील चर्चमध्ये दारूबंदीवर बोलायचे. त्यांच्या लेकीच्या बरणीत वाइन? आणि चहात भिजले म्हणून मनुके काय तक्रार करतात?"

घरात ओव्हन होता, पण त्यात त्या पापड ठेवायच्या. केकला विस्तव लागतो, असं त्यांचं ठाम मत. जुन्या नाशकात हनीफचाचांची बेकरी आहे, लाकडाच्या भट्टीची. सकाळचे पाव निघाले की भट्टी हळूहळू निवायला लागते. तेव्हा लोक घरी कालवलेलं मिश्रण डब्यांत भरून तिथे नेतात. दिवाळीला नानकटाईचं, नाताळला केकचं. डबा आपला, विस्तव चाचांचा. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाची डब्यावर खूण. मावशींच्या डब्यांना जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी असायची आणि तिच्यावर शाईने 'सिस्टर'.

इतरांच्या केकमध्ये चाचा काडी खुपसून बघत. मावशींच्या डब्यांबाबत त्यांना ती मुभा नव्हती. "आयुष्यभर माणसांना सुया टोचल्या, आता केकला तरी सोडू दे," म्हणायच्या आणि अंगाभोवती शाल घट्ट लपेटून, डोळे मिटून भट्टीसमोर उभ्या राहायच्या. "आधी साखर येते, मग लोणी, मग लवंग-दालचिनीचा दंगा. ते दमले की शेवटी मनुके येतात. ते आले की काढायचं." मग एकदम डोळे उघडून त्या म्हणत, "चाचा, काढा." चाचा लांब फावड्याने डबे ओढून घेत. केक कधी कच्चा निघाला नाही, कधी करपला नाही.

साथीच्या दिवसांत मावशींना ताप येऊन गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यापासून त्यांनी मला शिकवणी सुरू केली. मसाला कुटताना खलबत्ता माझ्यापुढे धरायच्या. "सांग वर्षा, कसा वास येतो?" मी म्हणायचे, छान. "छान हा काय वास आहे? रोगी म्हणाला, 'कसंतरी होतंय,' तर आम्ही काय औषध द्यायचं? नीट सांग." मग मी शब्द शोधू लागले. जुन्या लवंगेला लाकडाच्या पेटीचा वास. सुंठीला उन्हात तापलेल्या मातीचा. मावशी लक्षपूर्वक ऐकायच्या आणि त्याप्रमाणे चिमूटभर हे, चिमूटभर ते वाढवायच्या. एवढ्या तयार नाकाची बाई मला वारस म्हणून तयार करते आहे, या कल्पनेने मी फुगले होते. पण स्वतः त्या खलबत्त्यावर वाकून वास घेत नाहीत, हे मात्र माझ्या लक्षात येऊ लागलं, आणि तेव्हापासून मला चैन पडेना.

उत्तर मिळालं दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात. सकाळी वर गेले तर जिन्यातच गॅसचा वास. दार ढकलून आत धावले. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच होतं, आणि दोन हातांच्या अंतरावर मावशी शांतपणे मैदा चाळत बसल्या होत्या. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि वळून बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून. वाटलं, येईल परत."

मी ओरडलेच. "मावशी, घर उडालं असतं! सुनीलला सांगितलंत?" सुनील त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. त्यांनी माझा हात धरला. "त्याला कळलं तर तो मला उचलून नेईल. सातव्या मजल्यावर, लिफ्टच्या घरात. इथे मी सिस्टर आहे गं. तिथे मी फक्त सुनीलची आई होणार." त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मलाही त्या जायला नको होत्या, हे कबूल करते. शेवटी तह झाला. सिलिंडर त्याच दिवशी खाली माझ्याकडे आला, वर विजेची शेगडी गेली. नाताळला सुनील येणार होता. तोवर मी गप्प बसायचं, आणि त्याला त्यांनी स्वतः सांगायचं.

सुनील आला, डबे उचलून आमच्याबरोबर बेकरीतही आला. मावशी काही बोलल्या नव्हत्या. नेहमीसारख्या त्या डोळे मिटून भट्टीसमोर उभ्या राहिल्या. गेल्या वर्षीप्रमाणे मी शेजारी. मागच्या खेपेला मी "आला, आला" असं उत्साहात पुटपुटले होते आणि त्यावर त्यांनी काम भागवलं होतं, हे मला आता कळत होतं.

"सिस्टर, निकालू क्या?" चाचांनी विचारलं.

मावशींनी डोळे उघडले. भट्टीकडे बघितलं, मग सुनीलकडे. "मला नका विचारू चाचा. मला दोन वर्षं कसलाच वास येत नाही. हिला विचारा."

बेकरीत डबे घेऊन आलेली चार-पाच माणसं वळून बघू लागली. सुनील म्हणाला, "आई, आणि घरात गॅस?"

"तो हिच्याकडे आहे. एकदा प्रसंग आला होता. अंदाजाने 'काढा' म्हणणं माझ्याच्याने होईना रे. वॉर्डात कधी अंदाजाने बोलले नाही."

मी घाबरून जोरात श्वास घेतला. मनुक्यांचा वास स्पष्ट आला. "काढा," मी म्हटलं. चाचांनी ओढले, आणि आमच्या डोळ्यांदेखत आठही केक मधोमध खचले. तो वास आमच्या डब्यांचा नव्हताच. मागच्या बाजूला चाचांचे मनुके घातलेले बनपाव भाजत होते. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मावशी मात्र तो खड्डा बघून हसत सुटल्या. "वाटा असेच. म्हणावं, चहा ओतायला जागा ठेवली आहे."

जानेवारीत त्या पुण्याला गेल्या. सुनीलने बळजबरी केली नाही, उलट इथेच बाई ठेवू म्हणाला. मावशीच म्हणाल्या, "नको. वर्षाचा जीव रोज जिन्यात टांगून ठेवायचा का?" बरणी आणि डबे त्यांनी मला दिले. निरोपाच्या वेळी मी त्यांच्याशी धड बोलले नाही. चिडले होते, कुणावर ते अजून सांगता येत नाही.

गेल्या डिसेंबरात मनुके माझ्याकडे आले. मी चहात भिजवले, मसाला कुटला, डबे भट्टीत दिले आणि समोर उभी राहिले. पण हिंमत होईना. मावशींना फोन लावला.

"काय येतंय?" त्यांनी विचारलं. वॉर्डातला आवाज.

"साखर झाली. लोणी जड झालंय. लवंग आहे, पण मागे सरकलीय. मनुके येताहेत."

"भट्टीत आज आणखी काय आहे?"

"काही नाही. आपलेच डबे."

"बरं. थांबून थांबून येताहेत की एकसारखे?"

मी डोळे मिटले. "थांबून थांबून."

"मग घाई करायची नाही. शांत श्वास घे. मी आहे."

मी श्वास घेत राहिले. पलीकडे त्याही बहुतेक घेत होत्या. फावडं हातात धरून चाचा उभे. थोड्या वेळाने मी म्हटलं, "मावशी, आता थांबत नाहीयेत."

"काढ."

चाचांनी डबे ओढले. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. केक खचले नाहीत. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"सिस्टर, मुबारक हो," ते म्हणाले. "आठों के आठों सलामत हैं."