चौकटीत वाकलेला चहा

मी एका सिनेमात काम केलंय. तुम्ही तो पाहिला असला तरी मला पाहिलेलं नाही, आणि त्यात तुमच्या डोळ्यांची काही चूक नाही.

मी देवासला एका टेंट हाउसवाल्याची गाडी चालवतो. लग्नाच्या खुर्च्या, कढया, सगळं इकडून तिकडे. (शाळेत मास्तर म्हणायचे, तू खुर्च्या उचलशील. बसशील असं कधी म्हणाले नाहीत!) धारला शूटिंग लागलं, मी भांडी घेऊन गेलो. गोष्ट झकास होती, भिया! एक आजोबा. जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला उचलला नाही. ते मरतात आणि भूत होऊन घरातली सगळी कामं करायला लागतात. भूत दिसत नाही, नुसता झाडू फिरतो!

भुताचं काम करणारा पोरगा दाल-बाफले हाणून आडवा झालेला. डायरेक्टरनं मला पकडलं.

"हाथ तो नहीं कांपते?"

"बिलकुल नहीं, साब!" (कापत होते.)

मला डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या कपड्यात कोंबलं. भिंडी उभी केल्यासारखा दिसत होतो. भूत दिसत नाही हे मला ठाऊक होतं. पण मला वाटलं, सिनेमातल्या घरच्यांना दिसत नसेल, पब्लिकला तर दिसेलच ना!

काम एवढंच, की दारातून सुनेसाठी चहा न्यायचा. मी निघालो, दाराशी आलो आणि वाकलो.

"कट! दरवाज़ा इतना ऊँचा है, भूत झुक क्यों रहा है?"

आता त्याला काय सांगू! माझी सासुरवाडी धारचीच. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांच्या बुटक्या चौकटीवर कपाळ असं आपटलं, की मुलीच्या आधी मला तारे दिसले. तेव्हापासून दार दिसलं की मान आपोआप खाली जाते. परत केलं, परत वाकलो. शेवटी डायरेक्टर म्हणाला, "रहने दो, लाइट जा रही है।"

घरी येऊन बायकोला सांगितलं. लतानं लगेच माहेरी फोन लावला. कारण होतं. माझे सासरे दादासाहेब, त्यांचे वाडवडील दरबारात होते. दर भेटीत विचारायचे, "जावईबापू, सध्या काय करता?" मी म्हणायचो, "गाडी चालवतो." मग ते म्हणायचे, "असो."

बस. एवढंच. पण त्या 'असो'नं लताचा चेहरा दरवेळी उतरायचा.

"अहो, एकदा तरी दादांनी तुमच्याबद्दल 'असो' सोडून दुसरं काही म्हणावं," ती म्हणाली. "मग मला काही नको."

सिनेमा लागला. दादासाहेब धारहून देवासला आले, कोट घालून! बरोबर मेहुणा विनू. टाकीजमध्ये मी मधोमध, नवरदेवासारखा.

सिनेमा सुरू झाला. झाडू फिरला.

"जावईबापू, आपण नेमके कोठे आहात?"

"येतोय दादा, येतोच आहे."

लाटणं फिरलं. मी नाही. बादली चालत गेली. मी नाही! इंटरव्हल झाला.

"जिजाजी," विनू समोसा खात म्हणाला, "तुम कहीं पोस्टर के पीछे तो नहीं खड़े थे?"

आणि इंटरव्हलनंतर तर सिनेमानं स्वतःचाच सत्यानाश केला! एवढं छान घरकाम करणारं भूत, त्याला खजिना शोधायला पाठवलं! गुंड आले, गाणी आली, सिंकात भांडी तशीच! लोक उठून जायला लागले. लता पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. दादासाहेबांनी घसा खाकरला. मी ओळखलं, आता 'असो' येणार.

तेवढ्यात पडद्यावर एक कप आला.

माझा कप! पण मी? मी कुठाय? मागे नुसती भिंत! (हिरवं ते सगळं कॉम्प्युटरवर पुसून टाकतात, हे मला नंतर कळलं.) हवेत एकटाच कप, थरथरत, बशीत चहा सांडत दाराशी आला. हत्ती जाईल एवढं उंच दार. आणि कप... वाकला! खाली झाला, हळूच दारातून निघाला, पलीकडे जाऊन परत वर झाला.

सगळं टाकीज हसलं. अख्ख्या सिनेमातलं ते पहिलं आणि शेवटचं हसू.

लतानं माझा हात दाबला. "अहो, तुम्ही!"

आणि दादासाहेब ताडकन उभे राहिले. "अरे, ही मान आमची! आमच्या चौकटीनं शिकवलेली! विनू, बघ, जावईबापू!"

"अंकल, बैठो ना!" मागून कोणी ओरडलं.

"बैठो काय! हमारे जवाई हैं ये!"

लता हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती, दोन्ही एकदम.

रात्री घरी लता म्हणाली, "छान वाकलात. पण लग्नापासून मला कधी चहा आणून दिलात? का त्यासाठी तुम्ही भूत व्हायची वाट बघू?"

सिनेमा आठवडाभरसुद्धा टिकला नाही. माझं काम मात्र अजून चालू आहे. रोज सकाळी चहा करतो, दाराशी वाकतो, तिच्यासमोर ठेवतो. लता मोबाइलमधून डोकं वर न काढता कप उचलते. परवा तर म्हणाली, "आज साखर कमी आहे."

मला नाही. कपाला!