वशिंड नसलेला बैल

हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. मोठ्या भावालाही नाही, आणि त्याच्यापासून तर मी बिडी ओढलेलीसुद्धा कधी लपवली नव्हती. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं, तेव्हा मी घाईघाईने चहा सांगितला. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मध्ये थांबलो तर समजून घ्या — नाही, समजून घेऊ नका. नुसतं ऐका.

आधी मी कोण ते सांगायला हवं, कारण सगळा रोग तिथूनच सुरू होतो. मी अल्लीपूरचा. बाप हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. आमच्या घरात मॅट्रिकच्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं. नव्वदच्या दशकात मी बी.एस्सी. झालो, तेव्हा बापाने जिनिंगच्या फाटकावर उभं राहून पेढे वाटले. पुढे नागपूरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि वर्ध्याला लागून पिपरी मेघेत, प्लॉट पाडून वसलेल्या नव्या लेआऊटमध्ये, दोन खोल्यांत क्लास टाकला. लोक मला सर म्हणू लागले. किराणावाला सर म्हणायचा, बापाच्या वयाची माणसं सर म्हणायची. त्या शब्दाची मला सवय लागली. सवय कसली — चटक लागली. आणि सर झालेल्या माणसाला एक वाक्य उच्चारता येत नाही: मला हे येत नाही.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. आमच्या लेआऊटमध्ये तान्हा पोळ्याचं एक मंडळ होतं. तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो — मोठ्या पोळ्याला खरे बैल सजवतात, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी नंदी दोरीने ओढत पोरं तोरणाखाली येतात, सजावटीला बक्षिसं असतात, मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. लेआऊटमधल्या अर्ध्या घरांची पोरं पुण्याला, काहींची अमेरिकेत. त्यांना हा पोळा बघता यावा, म्हणून मंडळाने ठरवलं की आपली वेबसाईट काढायची आणि नेटवर व्हिडिओचं चॅनेलही काढायचं. त्या वर्षी हे फार नवीन होतं. दोन्हींसाठी लोगो पाहिजे होता. मंडळाचे अध्यक्ष कापड दुकानदार. सगळे त्यांना शेठ म्हणत. ते म्हणाले, "मोनो तं सरच काढतीन. आपल्या घरचा मानूस असतानी बाहेर कायले जाचं?"

मला साधा आंबा काढता येत नाही. मी म्हणालो, काढतो.

तेव्हा नेटवर फुकटात लोगो बनवून देणाऱ्या साईट नुकत्याच दिसू लागल्या होत्या. नाव टाका, चित्र निवडा, रंग निवडा, उतरवून घ्या. केबिनचं दार लावून मी दोन-तीन दिवस तेच करत बसलो. प्राण्यांची चित्रं धुंडाळता धुंडाळता एक बैल सापडला. मान खाली, शिंगं पुढे, चार रेघांत बसवलेला. छान होता. फक्त त्याला वशिंड नव्हतं. परदेशी बैल तो, त्याला कुठून वशिंड असणार? आणि तो कोणत्या रकान्यात होता सांगू? परदेशी खानावळींच्या. ज्या बैलाला आम्ही पुरणपोळी भरवतो, तो मी कुठून उचलला, हे तुमचं तुम्ही समजा.

चित्राखाली त्या साईटचं नाव बारीक अक्षरांत येत होतं. ते मी छाटून टाकलं. इथपर्यंत काय झालं? काहीच नाही. फुकट होतं, सगळ्यांसाठी होतं, घ्या म्हणूनच ठेवलं होतं. शेठना एवढं सांगितलं असतं की साईटवरून घेतलं आहे, तरी त्यांनी माझी पाठच थोपटली असती. पण मी काय केलं? त्या बैलाची प्रिंट काढली, खिडकीच्या काचेला लावली, वर कोरा कागद धरला आणि बाहेरच्या उजेडात पेन्सिलीने गिरवला. दोन-चार रेघा मुद्दाम चुकवल्या, रबराने खोडल्या, म्हणजे मेहनत दिसावी. आणि मंडळाच्या बैठकीत आधी तो कागद ठेवला, मग रंगीत प्रिंट. हे मूळ, म्हणालो. हाताने काढलेलं.

कागद हातोहात फिरला. एका म्हाताऱ्याने चष्मा वर केला आणि विचारलं, "सर, याले वशिंड काऊन नाई?"

"मॉडर्न आहे काका," मी म्हणालो.

"मंग जू कुठी ठेवाचं, मॉडर्नच्या मानंवर?"

सगळे हसले. मीही हसलो. तान्हा पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली मला शाल-नारळ मिळालं. बापाला मी अल्लीपूरहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तो पहिल्या रांगेत बसला होता.

आता सुजाताचं सांगतो. एवढा वेळ तिचं नाव टाळत होतो.

सुजाता माझ्याच क्लासची विद्यार्थिनी. हुशार. कोर्स झाल्यावर मीच तिला ठेवून घेतलं. दुपारची मुलींची बॅच ती घ्यायची. तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, बौद्ध कुटुंब, आमच्या मागच्याच ओळीत घर. घरात शिकणारी तीच पहिली, अगदी माझ्यासारखी. तिचे मामा सिंदी रेल्वे या गावाकडे शेती करायचे. सुटीत ती तिकडे जायची आणि साध्या कॅमेऱ्यावर वखरणी, डवरणी, कापूस वेचणाऱ्या बायांची गाणी असं काय काय टिपायची. दिवाळीनंतर तिने नेटवर स्वतःचं चॅनेल सुरू केलं. चॅनेलला लोगो पाहिजे, म्हणून तिनेही फुकटाची साईट शोधली. शेतीच्या चॅनेलला माणूस काय निवडेल? बैल.

तोच. मान खाली, शिंगं पुढे. फक्त तिचा हिरवा होता आणि आमचा तांबडा.

मंडळातल्या कोणाच्या तरी पोराने पुण्याहून फोन करून कळवलं. संध्याकाळपर्यंत लेआऊटभर झालं — सरांच्या क्लासमधल्या पोरीने सरांचंच चित्र चोरलं. शेठ तणतणत क्लासवर आले. त्यांच्याबरोबर मंडळाची चार माणसं होती. सुजाता आणि तिच्या वडिलांनाही बोलावून आणलं होतं. काका — तिच्या वडिलांना मी काकाच म्हणायचो — ड्यूटीवरून तसेच आले होते, हात ऑईलने काळे. ते खुर्चीवर बसलेच नाहीत. दाराशी उभे राहिले.

सुजाता घाबरली नव्हती. तिने घाबरावं असं काही केलंच नव्हतं. ती म्हणाली, "मी कोनाचं नाई घेतलं. फुकटाची साईट हाये, कोनीबी घेऊ शकते. दाखवू का?" आणि माझ्याच कॉम्प्युटरवर बसली.

आता मी जरा थांबतो.

तिने पत्त्याची पहिली दोन अक्षरं दाबली, आणि पुढचा सगळा पत्ता कॉम्प्युटरने आपोआप लिहिला. नेटवर काम करणाऱ्याला माहीत आहे, असं केव्हा होतं. त्या मशीनवर ती साईट कोणीतरी आधी उघडलेली असेल तेव्हाच. ते मशीन माझ्या केबिनमधलं होतं. त्यावर माझ्याशिवाय कोणी बसत नसे. बाकी कोणाला काही कळलं नाही. तिला कळलं. तिचा हात माऊसवरच थांबला आणि तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

ती काही बोलली नाही. का बोलली नाही? मी तिचा गुरू होतो म्हणून? मला वाटतं — मला खात्री आहे — की मी स्वतः बोलावं म्हणून ती थांबली होती. तिने मला संधी दिली. एवढ्या माणसांत माझी अब्रू राखून, मला स्वतःहून सांगू द्यावं म्हणून. बाविशीची पोर. मी तिच्या नजरेला नजर दिली आणि गप्प राहिलो.

मग तिने साईट उघडली. बैल पडद्यावर आला. शेठ वाकून बघू लागले, गोंधळले. "सर, हा तं तिथं आहेच?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हणालो, "शेठ, आपला लोगो मी पोळ्याच्या वेळी नेटवर टाकला. या साईटवाल्यांचा धंदाच तो आहे. नेटवर चांगलं दिसलं की उचलतात आणि फुकट म्हणून वाटतात. माझ्याकडे मूळ कागद आहे." आणि ड्रॉवरमधून तो कागद काढून टेबलावर ठेवला. खोडलेल्या रेघांसकट.

सर सांगतात म्हटल्यावर प्रश्नच मिटला. नेटमधलं त्यांना काय कळत होतं? जे कळत होतं ते माझ्याकडूनच कळलं होतं. शेठ मोठ्याने म्हणाले, "मेहनत दुसऱ्यानं करावं. यायले सारं आयतंच पाह्यजे असते."

ते 'यायले', म्हणजे 'यांना', एकट्या सुजातासाठी नव्हतं. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं कोणासाठी होतं ते. दाराशी उभ्या असलेल्या काकांनाही कळलं. आणि माझं सगळ्यात वाईट हे — माझ्या मनात तेव्हा काय आलं असेल? राग नाही. शरम नाही. सुटलो, असं वाटलं. माझ्यावर विश्वास बसेल आणि तिच्यावर बसणार नाही, हे मला खोटं बोलण्याआधीच माहीत होतं. त्याच भरवशावर मी तोंड उघडलं होतं. मी कधी कोणाला जात विचारली नाही, असं लोकांना अभिमानाने सांगत असतो. विचारायची गरजच काय? ती आयती माझ्या कामाला आली.

सुजाता एवढंच म्हणाली, "सर, तुम्ही सांगा नं यायले."

मी टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिलो.

तेव्हा काका पुढे आले. काळे हात जोडले. आधी शेठसमोर, मग माझ्यासमोर. "लेकराची चुकी झाली सर. पदरात घ्या." सुजाता ओरडली, "बाबा, मी नाई केलं!" काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "गप बस. सर का खोटं बोलतीन?"

त्या दिवशी तिला माझ्या खोट्यापेक्षा मोठा घाव त्या वाक्याने बसला असेल. पण ते वाक्य काकांच्या तोंडी आणलं कोणी? काका मला मानायचे. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी पोरीला शिकवलं होतं. जिनिंगमधल्या हमालाचा पोरगा बघ कुठे गेला, म्हणायचे. ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत तर कोणावर ठेवतील?

तिने चॅनेल बंद केलं. सगळे व्हिडिओ काढून टाकले, गाणीसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून ती क्लासवर आली नाही. मी तिला काढलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत असे. वर्ध्यात दुसऱ्या एका क्लासमध्ये तिने काम मागितलं. तिथल्या माणसाने मला फोन करून विचारलं, पोरगी कशी आहे? मी म्हणालो, कामाला चांगली आहे. आणि पुढे थोडा थांबलो. तेवढं थांबणं पुरलं. तिला तिथे घेतलं नाही. तेव्हा तर समोर मंडळ नव्हतं, शेठ नव्हते, कोणी नव्हतं. मग मी का थांबलो?

ती घरी बसली. नंतर शिवणाच्या दुकानात जाऊ लागल्याचं कानावर आलं. रस्त्यात दिसली की ती पलीकडच्या बाजूला जायची नाही, मान खाली घालायची नाही. सरळ माझ्याकडे बघत यायची. पलीकडे मी जायचो.

पुढच्या उन्हाळ्यात काका घरी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. हातात लग्नाची पत्रिका. सुजाताचं जमलं होतं, मुलगा चंद्रपूरकडचा, शाळेत शिक्षक. मी त्यांना बसवलं. बायकोने सरबत आणलं. काका ग्लास नुसता हातात धरून बसले. बायको आत गेल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"सर, एक मागनं होतं. पाव्हने शिकले-सवरलेले आहेत. लग्नात तुमची-त्यायची भेट होईन. ते... चोरीचं... त्यायले कळू देऊ नका. पोरीचं वाटोळं होईन. तुमी एवढे मोठ्या मनाचे, एक डाव माफ केलं, आता एवढं पोटात ठेवा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते उठून माझ्या पायाकडे वाकू लागले. मी त्यांचे खांदे धरले.

"तुम्ही काळजी करू नका काका," मी म्हणालो. "मी कोणालाही सांगणार नाही."

आणि तो शब्द मी पाळला.