औषधाच्या कॅनमधलं गार पाणी

चिखलीच्या दवाखान्यात बाळाचे ठोके ऐकू आले आणि मी स्टुलावरून उठून चक्क टाळ्या वाजवल्या! दोनदा आमचं लेकरू पोटातच गेलं होतं. आणि आता हे धडधड, धडधड! बायको पदरात तोंड लपवून हसत होती. "बसा ना बाप्पा, लोकं पाहून राह्यले."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी भरपूर प्या. झालं, मला तेवढंच पाहिजे होतं! आमच्या उंद्रीच्या शिवारात माझ्याइतकं गार पाणी कोणाकडे नसतं, हे त्यांना ऐकवलं. फवारणीच्या औषधाची मोठी कॅन रिकामी झाली की राखेनं तीनदा घासायची, उन्हात वाळवायची, वरून पोतं शिवून ते ओलं ठेवायचं. सगळेच करतात, पण माझ्यासारखं पोतं कोणाला शिवता येत नाही. "हिच्यासाठी तं मी रोज सोताच्या हातानं भरतो!"

बाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "औषध प्लास्टिकात मुरतं, घासून जात नाही. अशी काही रसायनं अंगात गेली की शरीराला ती आपलेच हार्मोन वाटतात. मग शरीर भलतंच वागायला लागतं. पोटातल्या बाळालाही धोका असतो."

"मंग मागचे दोन?"

"ते कशानं गेले, हे मला आज सांगता येणार नाही. पण ती कॅन आजपासून बंद."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दोन्ही वेळा मी बायकोवरच खेकसलो होतो, वजन काऊन उचललं, वावरात काऊन आली. मायनं तर हिचीच चूक म्हणून गल्लीभर सांगितलं होतं. ती बिचारी सगळं ऐकून घेत होती आणि मी भरलेलं पाणी पीत होती. स्वतःचाच असा राग आला!

बाहेर आल्यावर तिला म्हणालो, "तुयं काही चुकलं नव्हतं."

तिनं डोळे पुसले. "हे मले नका सांगू. घरी मायले सांगा. अन् जोरानं सांगा."

घरी पोचलो तर माय ओट्यावरच बसलेली. मी फाटकातूनच ओरडलो, "ठोके ऐकले वं माय! लेकरू चांगलं हाय! अन् हिचं कधीच काही चुकलं नव्हतं, त्या कॅनचं पाणी म्या पाजलं हिले!"

गल्लीतली चार दारं उघडली. बायको माझ्या शेजारी उभी होती.

"अजून एकडाव," ती म्हणाली.

मी अजून एकडाव ओरडलो.